तफावत

दहा तोळ्यांचं एक बिस्कीट म्हणजे ११६.६४ ग्रॅम सोनं. लांबी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी अडीच, जाडी जेमतेम अर्धा. कडा गोलसर, म्हणजे कापडी जाकिटाच्या आतल्या कप्प्यात ते अंगाला टोचत नाही. मोठ्या बँका एकमेकींना सोनं देतात ते साधारण साडेबारा किलोंच्या विटांमध्ये; तोळा हे माप युरोपात कुणी वापरत नाही. तरीही लंडनच्या आणि स्वित्झर्लंडच्या शुद्धीकरण कारखान्यांतून ही तोळ्यांची बिस्किटं वर्षानुवर्षं पडत राहिली आणि दुबईला जात राहिली. दुबईत ती विकत घेणं कायदेशीर होतं, बोटीत चढवणंही कायदेशीर होतं. गुन्हा सुरू व्हायचा तो बोट भारताच्या हद्दीत शिरल्यावर, आणि संपायचा झवेरी बाजारामागच्या एखाद्या गल्लीत, सोनाराच्या मुशीत. बिस्कीट वितळलं की त्यावरचा परदेशी शिक्का गेला, आणि शिक्क्याबरोबर पुरावाही गेला.

१९४७ ते १९९२ अशी पंचेचाळीस वर्षं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा धंदा चालला. त्याच्या कथा मराठी वाचकाने पुष्कळ वाचल्या आहेत. तस्कर हाजी मस्तानचे पांढरे कपडे, त्याच्या गाड्या, त्याच्यावर बेतलेले सिनेमे. या कथांत एक बेडर माणूस असतो, त्याला पकडणारा एक कडक अधिकारी असतो आणि दोघांचा सामना असतो. मला मात्र वाटतं की या काळात खरा शोधण्यासारखा आहे तो हिशेब. दुबईतल्या भांडवलदारापासून श्रीवर्धनच्या होडीवाल्यापर्यंत आणि तिथून मुलीच्या लग्नासाठी दागिने करायला निघालेल्या बापापर्यंत प्रत्येक जण आपापला हिशेब करत होता. सरकारने तो हिशेब कधी त्यांच्या बाजूने मांडून पाहिला नाही. त्याची किंमत मुंबईने मोजली.

मार्च १९४७ मध्ये परकीय चलन नियमन कायदा आला आणि सोन्याची आयात सरकारी परवानगीच्या कक्षेत गेली. परवानगी म्हणजे व्यवहारात बंदीच. तिचं कारण समजण्यासारखं होतं. नव्या देशाकडे परकीय चलन थोडं, त्यातून यंत्रं आणायची, धान्य आणायचं. ते चलन पाटल्या-बांगड्यांवर खर्च होऊ द्यायला कोणताच अर्थमंत्री तयार झाला नसता. पण देशात सोनं निघत होतं ते कोलार आणि हट्टीच्या खाणींतून, वर्षाकाठी मोजके टन. मागणी त्याच्या कितीतरी पट. शेतकऱ्याला बँक माहीत नव्हती, घरातल्या बाईच्या नावावर जमीन नसायची. अडीअडचणीला गहाण टाकता येईल अशी तिची एकमेव मालमत्ता अंगावरचं सोनं हीच होती. अशी मागणी राजपत्रातल्या अधिसूचनेने आटत नाही. जगात सोन्याचा एक भाव आणि मुंबईत दुसरा, अशी स्थिती झाली. या दोन भावांतली तफावत हाच पुढच्या सगळ्या गोष्टीचा मूळ कर्ता आहे.

सुरुवातीला या तफावतीचा फायदा उठवायला सर्वांत सोयीच्या जागा होत्या गोवा आणि दमण. तिथे पोर्तुगीजांचा अंमल, सोनं आणायला मोकळीक, आणि हद्द ओलांडली की मुंबई राज्य. सुकर नारायण बखिया हा या काळातला मोठा तस्कर दमणचाच. मुंबईच्या गोदीत हमाली करत वर आलेल्या मस्तानने त्याच्याशी भागीदारी केली. गोदीतला हमाल आणि किनाऱ्यावरचा बोटवाला हे दोघे एकत्र आले म्हणजे माल उतरवण्याची आणि तो शहरात शिरवण्याची, दोन्ही कामं एका छत्राखाली आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा आणि दमण भारतात आले तेव्हा ही सोय संपली. तोपर्यंत दुबई सज्ज होती.

दुबई, बहारीन, कतार या सगळ्या भागात तेव्हा भारतीय रुपया हेच रोजच्या व्यवहाराचं चलन होतं. तस्कर मुंबईतून रुपयांची बंडलं घेऊन जायचा, तिथे सोनं विकत घ्यायचा. ते रुपये तिथल्या व्यापाऱ्याकडून बँकेत, बँकेकडून रिझर्व्ह बँकेकडे परत यायचे, आणि रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. ज्या परकीय चलनाच्या बचतीसाठी सोन्यावर बंदी घातली, तेच चलन चोरट्या सोन्यापायी बाहेर जात होतं. मे १९५९ मध्ये सरकारने यावर तोडगा काढला. आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या आणि भारतातल्या नोटा तिथे चालेनाशा केल्या. या पंचेचाळीस वर्षांतला सर्वांत शहाणपणाचा उपाय कोणता असं मला कुणी विचारलं तर मी या रंगीत नोटांकडे बोट दाखवीन. यात कुणाला अटक नव्हती, कुणाची झडती नव्हती. धंद्याची एक पायरी हेरली होती, पैसे चुकते करण्याची, आणि तेवढी पायरी अवघड करून टाकली होती.

तस्करांनी दुसरा रस्ता शोधला, हे खरं. सोन्याच्या मोबदल्यात चांदी बाहेर जाऊ लागली. पुढे आखातात तेलाचा पैसा आला, रत्नागिरी-रायगडातली माणसं कामाला गेली, आणि हवाला उभा राहिला. म्हसळ्याचा किंवा खेडचा माणूस दुबईत आपले दिरहम एका व्यापाऱ्याच्या हाती द्यायचा. बँकेपेक्षा दर चांगला, आणि घरी पैसे लवकर पोचायचे. त्या दिरहमांचं सोनं व्हायचं, सोनं बोटीतून यायचं, मुंबईत रुपयांत विकलं जायचं, आणि त्याच रुपयांतून एक पाकीट म्हसळ्याच्या घरी पोचायचं. घरात पैसे घेणाऱ्या आईला आपण कोणत्या साखळीतली कडी आहोत हे ठाऊकही नसायचं.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं, तिजोरी रिकामी झाली. आधी सरकारने लोकांकडचं सोनं सुवर्णरोख्यांत मागितलं, आणि जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. मुंबई राज्यात दारूबंदी कडकपणे राबवणारे हेच ते मोरारजी, आणि दारूबंदीने हातभट्टीवाल्यांचं राज्य कसं उभं राहतं हे मुंबईने त्यांच्याच काळात पाहिलं होतं. सोन्याचा सोस हे त्यांच्या दृष्टीने व्यसनच होतं, आणि व्यसन सक्तीने सुटतं अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. नियम असा झाला की नवा दागिना १४ कॅरटपेक्षा शुद्ध करायचा नाही.

सोनाराच्या पेढीवर याचा अर्थ काय झाला ते जवळून पाहण्यासारखं आहे. २२ कॅरटच्या सोन्यात शंभरात सुमारे ९२ भाग सोनं असतं. ते मऊ असतं, तार ओढताना, मणी फुंकताना, टिकली उठवताना हाताला साथ देतं. १४ कॅरटमध्ये सोनं ५८ भागच, बाकी तांबं आणि चांदी. धातू कडक होतो, रंग लालसर किंवा फिका पडतो, आणि ठुशी किंवा कोल्हापुरी साजासारखं बारीक हातकाम त्यात नीट उतरत नाही. गिऱ्हाईकाने असे दागिने घेतलेच नाहीत. जिथे मालक प्रामाणिकपणे नियम पाळत होता ती दुकानं बंद झाली. देशभर लाखो कारागीर बेकार झाले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, लोकसभेत वादळ उठलं. ज्येष्ठ मंत्र्यांना पक्षकार्यासाठी मोकळं करणाऱ्या कामराज योजनेत मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडल्यावर नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी नियम सैल केले, आणि १९६६ मध्ये १४ कॅरटची अट गेली. पण १९६८ मध्ये, मोरारजी पुन्हा अर्थखात्यात असताना, सुवर्ण नियंत्रणाचा पक्का कायदा झाला. सामान्य माणसाला लगड किंवा बिस्कीट बाळगायला मनाई, सराफाला परवाना, सोनाराला प्रमाणपत्र, सगळ्यांच्या साठ्यावर मर्यादा, आणि ग्रॅमाग्रॅमाची नोंदवही.

दागिने घालायला, घ्यायला मात्र बंदी नव्हती. म्हणजे मागणी जिथल्या तिथे राहिली आणि ती भागवण्याचा उजळ रस्ता तेवढा बंद झाला. कायदेशीर व्यापाऱ्याचा खर्च आणि धोका वाढला, तस्कराला गिऱ्हाईक मिळालं.

याच १९६८ साली अमेरिकेत गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाचा गुन्हा आणि शिक्षा यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात कशी झाली हे बेकरने पुढे सांगितलं आहे. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला त्याला उशीर होत होता. गाडी वाहनतळावर लावायची की रस्त्यावर नियम मोडून, हे त्याने दंड किती आणि पकडले जाण्याची शक्यता किती यांचा अंदाज करून ठरवलं, आणि मनात आलं की दंड ठरवणाऱ्यांनीही असाच हिशेब केला असणार. त्याने मांडलं ते थोडक्यात असं: गुन्हा करणारा वेगळ्या मातीचा नसतो, मिळकत, सापडण्याची शक्यता आणि सापडल्यावरचं नुकसान या तिन्हींचा अंदाज बांधून तो निवड करतो. सापडण्याची खात्री ही शिक्षेच्या कठोरपणापेक्षा जास्त काम करते, हे तर इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्येच लिहिलं होतं.

आता हाच हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर मांडून पाहू. १९९० च्या सुमारास जगातला भाव तेव्हाच्या सरकारी विनिमय दराने रुपयांत बदलला तर दहा ग्रॅमला बावीसशेच्या आसपास पडत होता. मुंबईत तोच भाव बत्तीसशेच्या वर होता. तफावत साधारण ५० टक्के. शंभर रुपयांचा माल दीडशेला. तीन खेपा पाठवल्या तर भांडवल लागलं तीनशे. एक खेप पकडली गेली, दोन विकल्या, आले तीनशे. म्हणजे दर तीन खेपांतली एक सरकारने पकडली तरी भांडवलदार खर्च सोडून बरोबरीत राहतो. बोट, खलाशी, ट्रक, लाच हे सगळं धरून हिशेब थोडा खाली येईल, चारात एक म्हणा, पाचात एक म्हणा. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा, दर थोड्या अंतरावर खाडी, प्रत्येक खाडीत बंदर, प्रत्येक बंदरात मासेमारीच्या बोटी. या किनाऱ्यावर रात्री येणाऱ्या खेपांपैकी चार-पाचात एक, दर महिन्याला, दर वर्षी, न चुकता पकडायची, हे कोणत्या कस्टम खात्याला जमलं असतं? आपल्या अधिकाऱ्यांत प्रामाणिक आणि शूर माणसं नव्हती असं मुळीच नाही. त्यांना दिलेलं गणितच न सुटणारं होतं.

तफावत १० टक्के असेल तर? अकरा खेपांचं भांडवल अकराशे, दहा विकल्या तर आले अकराशे. अकरात एक पकडली की नफा शून्य, आणि बोटीचा खर्च वेगळा. किनाऱ्यावर एकही शिपाई न वाढवता कस्टमचं काम कितीतरी सोपं झालं. हे साधं त्रैराशिक दिल्लीत कुणाला येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण सोन्याची मोकळीक म्हणजे चैनीला उत्तेजन, ही नैतिक भूमिका इतकी पक्की होती की गणित कुणी टेबलावर ठेवलंच नाही.

हिशेब एकट्या भांडवलदाराचा नव्हता. दुबईहून निघालेली लाँच किनाऱ्यापासून दूर समुद्रात थांबायची. इथून लहान मचवे जायचे, माल उचलायचे, भरतीची वेळ धरून खाडीत शिरायचे. काठावर वीस-पंचवीस माणसं हारीने उभी, हातोहात माल ट्रकमध्ये. याला धंद्याच्या भाषेत लँडिंग म्हणत, आणि ते करून देणारा तो लँडिंग एजंट. त्याचं काम गाव सांभाळणं, चौकी सांभाळणं, आणि कोणत्या रात्री कोण ड्युटीवर आहे ते माहीत असणं. होडीवाल्याला मालक ठाऊक नसे, ट्रकवाल्याला सोनार ठाऊक नसे. एक पकडला गेला तर साखळी तुटत नसे, एक कडी गळत असे, आणि तिच्या जागी दुसरी बसत असे.

होडीवाल्याच्या जागी उभं राहून पाहा. मासळीचा भरवसा नाही. पावसाळ्याचे महिने होडी काठावर. कोकणचा संसार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालायचा, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर त्या मनीऑर्डरी आटल्या. एका रात्रीच्या कामाचे पैसे महिन्याच्या मासळीपेक्षा जास्त. कायद्यात कोणतं कलम आहे, शिक्षा किती वर्षांची आहे, हे त्याने कधी वाचलं नाही. त्याला एवढंच माहीत की गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतला कोणी आत गेला का. गुन्हेगारांशी बोलून अभ्यास करणाऱ्यांना जगभर हेच आढळलं आहे: घरफोड्या करणारा माणूस शिक्षेची वर्षं मोजत बसत नाही, घरात कोणी जागं आहे का एवढं पाहतो. निर्णय जवळच्या, दिसणाऱ्या गोष्टींवर होतो. आणि कोकणात दिसत असे ते हे की चौकीवरचा माणूसही हिशेबात आहे.

१९७४ मध्ये सरकारने शिक्षेची बाजू जोरात ओढली. सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढून तस्करांना मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्याची सोय केली, आणि डिसेंबरमध्ये कॉफेपोसा हा स्वतंत्र कायदा आला: खटल्याशिवाय स्थानबद्धता. महसूल खात्याचे राज्यमंत्री के. आर. गणेश यांनी मोहीम हाती घेतली. मस्तान, बखिया, युसूफ पटेल एकामागून एक आत गेले. पुढे आणीबाणी आली, १९७६ मध्ये तस्करांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदाही झाला. काही काळ किनारा थंडावला हे मान्य करायला हवं. आखातातून बँकेमार्फत येणारे पैसे वाढले. मात्र त्याच सुमारास जगातच सोनं कमालीचं महाग झालं होतं आणि तफावत आकसली होती, ही गोष्ट मोहिमेचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये, मस्तान आणि त्याच्या जोडीच्या तस्करांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर हा धंदा सोडण्याची शपथ घेतली. मस्तानने ती बऱ्यापैकी पाळली असं दिसतं; पुढे तो राजकारणात शिरला, जोगेंद्र कवाडे यांच्याबरोबर दलित-मुस्लिम ऐक्याचा पक्ष काढला. त्या शपथेची मला थट्टा करावीशी वाटत नाही. माणसं बदलतात, आणि बदलू पाहणाऱ्याला दार उघडं असावं. पण सरकारच्या दृष्टीने पाहिलं तर शपथेने काय साधलं? मोठी माणसं बाजूला झाली, तफावत तिथेच राहिली, जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी मुंबईत जी पिढी पुढे आली तिच्यात मुंबई पोलिसांतल्या एका हवालदाराचा मुलगा होता, दाऊद इब्राहिम. जुने तस्कर शस्त्र फारसं वापरत नसत, कारण गोळीबाराने धंद्यावर नजर जाते. नव्यांनी जागेसाठी एकमेकांचे मुडदे पाडले. कठोर कायद्याने धंद्यातले भित्रे आणि लहान बाहेर काढले, आणि जो धोका पत्करू शकतो, लाच देऊ शकतो, साक्षीदाराला गप्प बसवू शकतो तो टिकला. १९७८ मध्ये जनता सरकारने रिझर्व्ह बँकेमार्फत सुमारे १३ टन सोन्याचा लिलाव करून भाव पाडायचा प्रयत्न केला, पण तेवढ्याने तहान भागणारी नव्हती.

शेवटी हा कायदा रद्द केला तो एका मराठी अर्थमंत्र्याने. मधु दंडवते १९७१ पासून राजापूरचे खासदार होते. कोकणच्याच किनाऱ्याने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिलं होतं. व्ही. पी. सिंग सरकारात अर्थखातं त्यांच्याकडे आलं आणि जून १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा इतिहासजमा झाला. समाजवादी विचारांचा माणूस सोन्याचा व्यापार मोकळा करतो याचं तेव्हा काहींना नवल वाटलं. मला ते दंडवत्यांच्या स्वभावाला धरूनच वाटतं. कायद्याचा जाच कारागिराला होतो आणि लाभ तस्कराला, हे दिसल्यावर त्यांनी कायद्याला चिकटून राहण्याचं काही कारण नव्हतं.

आयात अजून बंद होती. ती १९९२ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी खुली केली. परदेशात राहिलेल्या भारतीयाला परत येताना पाच किलोपर्यंत सोनं, दहा ग्रॅमला काही शे रुपये शुल्क परकीय चलनात भरून, उघडपणे आणता येऊ लागलं. विमानतळावर मोठी गर्दी झाली. पूर्वी जे व्यापारी लाँच भाड्याने घेत तेच आता आखातातून सुटीवर येणाऱ्या कामगाराला तिकीट देऊन, त्याच्या नावावर पाच किलो पाठवू लागले. काही वर्षांतच शंभराहून जास्त टन सोनं शुल्क भरून आलं. १९९७ मध्ये बँकांना थेट आयातीची परवानगी मिळाली आणि बोटीने सोनं आणणं परवडेनासं झालं. त्याच १९९२ साली गॅरी बेकरला नोबेल मिळालं.

हे दोन-चार वर्षं आधी झालं असतं तर? इतिहासात हा प्रश्न विचारू नये म्हणतात, पण मला तो टाळता येत नाही. चांदीची आयात १९९३ च्या सुरुवातीपर्यंत बंदच होती, त्यामुळे किनाऱ्यावरची साखळी जिवंत होती. जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईत दंगल पेटलेली असताना, रायगडच्या दिघी बंदरावर एक खेप उतरली. गाड्या निघाल्या तेव्हा गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या अडवल्या. सौदा झाला, रक्कम ठरली, ती हाती येईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या, आणि गाड्या सोडल्या. फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला टायगर मेमन या तस्कराने दोन वेळा माल उतरवला. शस्त्रं होती, हातबाँब होते, आरडीएक्स होतं. एजंट तेच, हमाल तेच, ट्रक तेच, कस्टम आणि पोलिसांतले ठरलेले लोकही तेच. १२ मार्च १९९३ ला मुंबईत दुपारच्या दोन-अडीच तासांत स्फोटांमागून स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली.

न्यायालयाने पुढे होडीवाले, हमाल, पोलिस, कस्टमचे वरिष्ठ अधिकारी यांनाही दोषी ठरवलं. ते योग्यच झालं. पण त्या निकालपत्रांतून जो किनारा दिसतो तो एका रात्रीत तयार झालेला नव्हता. रात्री माल येतो, तो कुणी पाहायचा नसतो, पाहिलाच तर पाकीट मिळतं, हे शिक्षण त्या किनाऱ्याला चाळीस वर्षं मिळालं होतं. सोन्याने रस्ता पाडला, आणि रस्ता तयार असला की त्यावरून काय जाईल हे रस्ता पाडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

सोन्याचा नफा गेल्यावर ती माणसं कुठे गेली, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एक दार लावलं की चोर दुसऱ्या दाराने शिरतो, मग दार लावून उपयोग काय? याला आधार आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत खंडणीचे फोन वाढले, बिल्डर आणि सिनेमावाले मारले गेले, ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांना अंधेरीत मंदिराबाहेर गोळ्या घातल्या. टोळ्यांचा वरचा थर खंडणीकडे, जमिनीकडे, अमली पदार्थांकडे वळला. पण साखळीतली बहुतेक माणसं वरच्या थरातली नव्हती. शेखाडीचा हमाल खंडणीखोर झाला नाही, झवेरी बाजारातला सोनार चरस विकायला गेला नाही. बाहेरचाही अनुभव असाच आहे. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वाराला जागेवर दंड करायला सुरुवात झाली. चोरायला निघालेल्या पोराकडे हेल्मेट नसायचं, त्यामुळे पहिल्याच चौकात सापडण्याची भीती. सहा वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या सुमारे दीड लाखांवरून साठ हजारांच्या खाली आल्या, आणि मोटारी किंवा सायकली चोरण्याचं प्रमाण तेवढं वाढलं नाही. प्रत्येक गुन्ह्याला आपली वेळ, आपलं कसब, आपली सोबत लागते. एकाची वाट अडली की तो दुसऱ्यात आपोआप शिरतोच असं नाही. बरेच जण शिरतच नाहीत. ब्रिटनच्या गृहखात्यात काम केलेल्या रोनाल्ड क्लार्कने अशाच निरीक्षणांवर गुन्हेप्रतिबंधाची आपली सगळी मांडणी उभारली.

आपण हा धडा एकदा शिकून पुन्हा विसरलो. रुपया घसरू लागला तेव्हा २०१२ च्या सुरुवातीपासून सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि ऑगस्ट २०१३ पर्यंत २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेलं. सोबत आयातीच्या एक-पंचमांश सोनं निर्यातीसाठी राखण्याची अट घातली. तस्करी परत आली, पण तिचं रूप पाहण्यासारखं होतं. दहा टक्क्यांच्या तफावतीत दुबईहून लाँच, पंचवीस हमाल आणि ट्रक बसत नाहीत. एका माणसाचं विमानाचं तिकीट बसतं. म्हणून मुंबईच्या, चेन्नईच्या, कोळिकोडच्या विमानतळांवर पट्ट्यात, बुटाच्या टाचेत, पोटात लपवलेल्या कॅप्सूलमध्ये, मेणासारख्या लगद्यात सोनं सापडू लागलं. जुन्या प्रमाणावरची लँडिंग कोकणात फिरकली नाहीत. बोटी परवडल्या त्या जिथे समुद्र अरुंद आहे तिथे, श्रीलंका आणि रामनाथपुरमच्या मधल्या पट्ट्यात. शुल्क जुलै २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर गेलं, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे पाठलाग होताना पाण्यात फेकलेलं सोनं पाणबुडे उतरवून वर काढावं लागलं.

१५ टक्क्यांना सुमारे आठात एक खेप पकडली तर भांडवलदार बरोबरीत येतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क ६ टक्क्यांवर आणलं. त्या दराला अठरात एक पुरते, आणि त्यात तिकिटाचे पैसे धरलेले नाहीत.